मारुती कांबळे, बिर्कुट आणि मिर्झा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



समाजवादी देशातल्या चित्रपटांमध्ये समाजातले बदल कसे उमटले, असा विषय मला बोलायला दिला आहे. हा विषय ऐकला की कुणालाही आधी रशिया आठवेल, पोलंड आठवेल. मला मात्र आपल्या राज्यघटनेची उद्देशिका आठवली. शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर ती छापलेली असते. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ साली तिच्यात ‘समाजवादी’ हा शब्द आला. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्दही त्याच दुरुस्तीतला. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, आवडीच्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला होता. उद्देशिकेतून हे दोन शब्द काढून टाकावेत अशी मागणी करणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली फेटाळल्या. तेव्हा कागदावर तरी आपलाही देश समाजवादी आहे. मग लांब कशाला जायचं? आपल्याच मराठी पडद्याकडे पाहू. शेजारणीकडे डोकवावं तसं अधूनमधून पोलंडकडेही पाहू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकारची भाषा नेहमी अनेकवचनी असते. शेतकरी, कामगार, महिला, दुर्बल घटक, जनता. योजनेला असंच बोलावं लागतं, त्यात तिची चूक नाही. पण सिनेमाला अनेकवचनाचं चित्र काढता येत नाही. कॅमेऱ्यापुढे कुणीतरी एक माणूस उभा करावा लागतो. त्याला नाव द्यावं लागतं, घर द्यावं लागतं, घरभाडं थकलंय की नाही ते सांगावं लागतं. म्हणून सगळ्यांचं भलं करायला निघालेल्या देशात चांगला चित्रपट फिरून फिरून एकच प्रश्न विचारत आला आहे : सगळ्यांचं ठीक आहे, पण हा एक माणूस कुठे गेला?

हा फरक थिएटरात अगदी एकापाठोपाठ दिसायचा. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा वृत्तचित्र दाखवणं सक्तीचं असे. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. त्या वृत्तचित्रांत धरणाची भिंत असायची, उद्घाटनाची फीत असायची, आणि डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग लांबून दिसायची. निवेदकाचा आवाज भारदस्त. आम्ही पोरं तेवढ्या वेळात खारे दाणे घेऊन यायचो. मग अंधार व्हायचा, मुख्य चित्रपट सुरू व्हायचा, आणि त्या रांगेतली एखादी बाई जवळ यायची. तिला नाव मिळायचं. तिचं पोर आजारी असायचं. आता मात्र कुणी जागेवरून उठायचं नाही.

सरकार आणि सिनेमा यांचं आपल्याकडचं नातं मोठं गमतीचं होतं. रशिया-पोलंडसारखे स्टुडिओ सरकारने ताब्यात घेतले नाहीत. पण १९६० साली पुण्यात, प्रभात स्टुडिओच्याच जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. त्याच वर्षी चित्रपटांना कर्ज देणारं महामंडळ काढलं. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. ते पुस्तक साने गुरुजींचं; राष्ट्र सेवा दलाचे आणि ‘साधना’चे साने गुरुजी, म्हणजे समाजवादीच. त्या चित्रपटात समाजवाद हा शब्द शोधूनही सापडणार नाही. कर्ज सापडतं, दारात आलेल्या सावकाराच्या माणसापुढे खाली गेलेली मान सापडते. सिनेमात विचार असाच यावा लागतो.

पण माझी गोष्ट त्याहून जुनी आहे. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘शेजारी’ काढला. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात पाटील आणि मिर्झा असे दोन जिवलग शेजारी. पाटलाच्या भूमिकेत केशवराव दाते, मिर्झाच्या भूमिकेत गजानन जागीरदार. गावाजवळ धरण होणार असतं. धरण बांधणाऱ्या धनिकाला गावाच्या जमिनी हव्या असतात, आणि ही दोन घरं एक असेपर्यंत गाव हलत नाही. मग तो या दोघांत भांडण लावतो. मैत्री तुटते, गाव फुटतं, आणि शेवटी धरणही फुटतं. दोघे मित्र एकमेकांना धरून त्या पाण्यात जातात.

हा चित्रपट हिंदू-मुस्लिम ऐक्याचा म्हणून सांगितला जातो. लाहोरचा ठराव आदल्या वर्षीच, १९४० साली झालेला. तेव्हा ते बरोबरच आहे. पण आज पाहताना मला त्यातली जमीन जास्त दिसते. विकास येतो तो कुणाच्या शेतावरून, आणि त्या शेताची माणसं एकमेकांवर उठली तर फायदा कुणाचा होतो, हे त्या चित्रपटाने आपली धरणं बांधून होण्याच्या कितीतरी आधी दाखवलं. हिंदीतही तो ‘पडोसी’ म्हणून निघाला. तिथेही मिर्झा जागीरदारच झाले आणि हिंदू ठाकूर झाला मझहर खान. हिंदूने मुसलमान व्हायचं आणि मुसलमानाने हिंदू, ही अदलाबदल शांतारामबापूंनी मुद्दाम केली असणार. ती मला फार आवडते. हा मिर्झा लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला शेवटी यायचं आहे.

स्वातंत्र्य आलं, पंचवार्षिक योजना आल्या. त्या काळातला एक चित्रपट मला फार जवळचा आहे, १९६१ सालचा ‘प्रपंच’. कथा ग. दि. माडगूळकरांची, दिग्दर्शन मधुकर पाठक यांचं. एक कुंभार, त्याची कष्टाने वाकलेली बायको आणि घरभर पोरं. कुटुंबनियोजन तेव्हा सरकारी धोरणात येऊन जुनं झालं नव्हतं. लाल त्रिकोणाच्या जाहिराती अजून भिंतीवर यायच्या होत्या. वृत्तचित्राने हाच विषय आकड्यांत सांगितला असता. ‘प्रपंच’ने तो मातीत सांगितला. चाकावर एकामागून एक मडकी उतरतात, आणि घरात मात्र एका मडक्यातलं सगळ्यांना पुरत नाही.

तो कुंभार झाले होते शाहीर अमर शेख. बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक चालवणारा हा शाहीर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्याच्या आवाजावर उभ्या राहिल्या. पडद्यावर तो मराठी कुंभार झाला तेव्हा हा माणूस मुसलमान आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. चाकावरची माती ज्याच्या हाताला ओळखते तो कुंभार. ‘शेजारी’ला वीस वर्षं झाली होती, आणि ती अदलाबदल अजून चालू होती.

आता ‘सामना’कडे येतो.

महाराष्ट्रात समाजवादाने जो वेश घेतला तो सहकाराचा. १९५०च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कल्पना मोठी होती. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक. त्यातून रस्ते झाले, शाळा झाल्या, दवाखाने झाले. सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी सभासद म्हणून सर्वसाधारण सभेला जाऊन बसला. हे सगळं खरं आहे, आणि ते विसरून ‘सामना’ पाहू नये. पण वीस-पंचवीस वर्षांत सभासदांच्या खुर्च्यांपुढे एक मोठी खुर्ची आली, आणि तिच्यावर बसलेल्याला सगळं गाव भिऊ लागलं.

१९७४ सालच्या ‘सामना’त त्या खुर्चीवर हिंदुराव धोंडे पाटील बसलेला आहे. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. निर्मितीत कवी रामदास फुटाणे. कवीने कवितासंग्रह काढावा, पैसे बुडवावेत, हे आम्हाला माहीत आहे. यांनी थेट चित्रपटच काढला! गावात एक दारुडा, थकलेला मास्तर येतो. एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, गांधींच्या काळातला. हिंदुराव त्याला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य दाखवतो. कारखाना, कोंबड्या, दारू, शाळा, सगळं. आणि या सगळ्या वैभवात मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. हा कोण होता, त्याचं काय झालं, एवढंच तो विचारत राहतो. हिंदुरावाकडे उत्तरं पुष्कळ असतात. या एका प्रश्नाला उत्तर नसतं. सगळा डोलारा त्या नावापुढे हलायला लागतो.

मी ‘सामना’ पहिल्यांदा पाहिला तो उलट्या बाजूने. आम्ही तेव्हा परळला चाळीत राहायचो. गणपतीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमा दाखवत, आणि पुढची जागा मोठ्यांनी अडवलेली असे. आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. अक्षरं उलटी दिसायची, डावा माणूस उजवीकडे दिसायचा, आवाज मात्र सरळ यायचा. गोष्ट फारशी कळली नाही. पण दुसऱ्या दिवशी चाळीतली पोरं ज्याला त्याला मारुती कांबळेबद्दल विचारत सुटली होती. थट्टाच होती ती. तरी अख्ख्या चाळीने एका दलित माणसाचं नाव दिवसभर घेतलं, हे मला पुढे मोठं झाल्यावर विशेष वाटलं.

हिंदुराव झाले होते निळू फुले. ते स्वतः राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, पुण्यात माळीकाम केलेले, जन्मभर समाजवादी चळवळीच्या बाजूने उभे राहिलेले. समाजवादी माणसाने साखरसम्राट उभा केला, आणि तो इतका खरा केला की गावोगाव बायका त्यांना पाहून पदर सावरत, असं सांगतात. मला वाटतं, तो खरा झाला कारण फुल्यांना त्याची चाल ठाऊक होती. आपल्या स्वप्नातून निघालेला माणूस असा कसा झाला, हे दुःख त्या हसण्यामागे आहे.

‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ साली, पोलंडमध्ये आंद्रे वायदा यांचा ‘मॅन ऑफ मार्बल’ प्रदर्शित झाला. मी तो पुष्कळ उशिरा एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला आणि चकित झालो. पोलंड म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचं राज्य. चित्रपटाची नायिका अॅग्निएश्का ही फिल्म स्कूलची विद्यार्थिनी. तिला १९५०च्या दशकातल्या एका गवंड्यावर चित्रपट करायचा आहे. त्याचं नाव मातेउश बिर्कुट. नोवा हुता या नव्या पोलादनगरीच्या बांधकामावर एका पाळीत हजारो विटा रचून तो कामगार-वीर ठरला. त्याचे फोटो लागले, त्याचा संगमरवरी पुतळा झाला. आता तो पुतळा संग्रहालयाच्या तळघरात पडून आहे आणि बिर्कुटचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. ती विचारत सुटते. हळूहळू कळतं की मित्रावर खोटा आरोप आला तेव्हा बिर्कुट त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि त्या दिवसापासून वीराचा गुन्हेगार झाला. तिचंही काम वरिष्ठ बंद पाडतात. ती तरी बिर्कुटच्या मुलाला शोधत ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यापर्यंत जाते.

तेंडुलकरांना बिर्कुट ठाऊक नव्हता, वायदांना मारुती कांबळे ठाऊक नव्हता. एक ऊसपट्ट्यातला, एक पोलादनगरीतला. तरी दोन्ही चित्रपटांचा सांगाडा एकच, नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी. चौकशी करणारेही पोलीस नाहीत, वकील नाहीत. एक दारुडा मास्तर आणि एक पोरसवदा विद्यार्थिनी. कष्टकऱ्यांच्या नावाने चालणारं राज्य एका कष्टकऱ्याचा हिशेब देत नाही, तेव्हा तो हिशेब असाच बाहेरचा कुणीतरी मागतो.

फरकही आहे. ‘मॅन ऑफ मार्बल’च्या पटकथेला परवानगी मिळायला दहाहून अधिक वर्षं लागली. चित्रपट पूर्ण झाल्यावर चार वर्षांत ग्दान्स्कमध्ये सॉलिडॅरिटीचं आंदोलन उभं राहिलं, आणि त्यावर वायदांनी काढलेल्या ‘मॅन ऑफ आयर्न’ला १९८१ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिथे सरकार सिनेमाला भीत होतं, म्हणून अडवत होतं. आपल्याकडे ‘सामना’ लोकांनी पाहिला, वाखाणला, पुरवण्यांतून त्यावर लेख आले, आणि कारखान्यांच्या खुर्च्या होत्या तिथेच राहिल्या. लोकशाहीत सिनेमा काढायला मोकळीक असते. ऐकून सोडून द्यायलाही असते.

जब्बार पटेल आणि तेंडुलकर हीच जोडी पुढे ‘सिंहासन’ घेऊन आली, १९७९ साली, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरून. ‘सामना’तले निळू फुले तिथे पत्रकार दिगू झाले, सगळं पाहणारा आणि काहीच न बदलू शकणारा. मग १९८२ साली ‘उंबरठा’ आला, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. समाजकल्याण हा शब्द तोवर सरकारी पाटीवर रुळला होता. स्मिता पाटीलची सुलभा एका महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. आश्रमातल्या बायका कागदावर ‘निराधार महिला’ असतात. सुलभाला त्या एकेक करून भेटतात, प्रत्येकीचं वेगळं दुःख घेऊन. ती लढते, हरते, घरी परतते, तर घरात तिची जागा उरलेली नसते. ती पुन्हा गाडीत बसते. घरात नाही आणि संस्थेतही नाही, अशी ही बाई कुठे जाते, हे चित्रपट सांगत नाही. आपल्या समाजाकडे तेव्हा त्याचं उत्तर नव्हतं.

‘उंबरठा’च्याच साली आमच्या घरात वेगळी गोष्ट चालू होती. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, अडीच लाख कामगार. आमचे अब्बा त्यातले एक. मूळ आम्ही सातारा जिल्ह्यातले. आजोबा गिरणीत लागले, त्यांच्या मागून अब्बा. संप संपल्याची घोषणा कधी झालीच नाही. पहिले काही महिने चाळीत सभा होत, मग भांडी विकली जाऊ लागली. १९८४ साली आम्ही परळची खोली सोडली आणि बदलापूरला, शिरगावात, दोन खोल्या घेतल्या. तेव्हा शिरगावात सगळी भातशेती. रात्री बेडूक ओरडायचे, पावसाळ्यात स्टेशनवरून चपला हातात घेऊन यावं लागे. अब्बांना अंबरनाथच्या एका कारखान्यात रोजंदारी मिळाली. मी उल्हासनगरला जाऊन बी.ए. झालो. आमच्या आगेमागे लालबाग-परळची कितीतरी घरं कल्याणच्या पुढे अशीच सरकत आली.

मुंबईत जागा का नव्हती, याची गोष्टही सिनेमाने सांगितली आहे, आणि हसवत सांगितली आहे. भाडेकरूंचं रक्षण करणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला आणि भाडी १९४०च्या दराला बांधली गेली. हेतू गरिबाच्या बाजूचा होता. ज्याच्याकडे खोली होती तो तरला. पण भाड्याने द्यायला नव्या चाळी बांधणं कुणाला परवडेना, पागडी सुरू झाली, आणि नव्याने आलेल्याला दार बंद झालं. राजा ठाकूर यांच्या १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’त नवं लग्न झालेल्या जोडप्याला भरलेल्या घरात एकांत मिळत नाही. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’त, गोष्ट पुण्यातली असली तरी, अडचण तीच : चौघांना खोली मिळावी म्हणून त्यांच्यातल्या दोघांना बायकांची सोंगं घ्यावी लागतात. लोक पोट धरून हसले, अजूनही हसतात. घर हवं तर आधी सोंग घ्या, हे तेव्हा प्रत्येकाला आपल्या अनुभवाचं वाटलं असेल.

संपावरचा मोठा मराठी चित्रपट यायला मात्र २०१० साल उजाडलं. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’, जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावरून. गिरणी कामगाराच्या घरातली पोरं एकेक करून कुठे वाहवत जातात, त्याची ती कहाणी. टीव्हीवर लागला तेव्हा मी अब्बांच्या शेजारी बसून पाहिला. गोळीबाराची दृश्यं त्यांनी मुकाट्याने पाहिली. शेवटी एवढंच म्हणाले, “इतकी मारामारी आमच्या घरात नव्हती रे. भूक होती.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण आपली चाळ दाखवली, बरं केलं.” समीक्षकाने दोन वाक्यांत यापेक्षा जास्त काय सांगावं? भूक पडद्यावर आणणं गोळीपेक्षा अवघड असतं. आणि ज्याच्यावर कुणी बोलत नाही त्याला आपली चाळ नुसती दिसली तरी बरं वाटतं.

१९९१ नंतर देशाने आर्थिक धोरण बदललं. समाजवाद हा शब्द उद्देशिकेत राहिला, बाजारातून गेला. माणसाची चौकशी करायचं सिनेमाचं काम मात्र संपलं नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त एक दृश्य आहे. जब्या आणि त्याच्या घरचे पकडलेलं डुक्कर खांद्यावर टाकून चालले आहेत, आणि मागे शाळेच्या भिंतीवर आपल्या थोर पुरुषांची चित्रं आहेत. समतेचं वचन भिंतीवर रंगवलेलं, आणि त्याच्या पुढून ओझं चाललेलं. कुणी एक शब्द बोलत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’मध्ये गटारात उतरून मेलेला एक सफाई कामगार आहे. त्याला साधनं कुणी दिली नाहीत हा प्रश्न बाजूला राहतो, आणि एका शाहिरावर खटला चालतो, की त्याच्या गाण्यामुळे त्या कामगाराने जीव दिला. तो शाहीर झाले होते वीरा साथीदार. आणि शाहिराचं नाव आहे नारायण कांबळे. ‘सामना’ला चाळीस वर्षं झाली होती. मारुती कांबळेचं काय झालं ते सांगता येत नव्हतं. नारायण कांबळेचं काय होतंय ते सगळ्यांना दिसतंय, तारीख पडतेय, कामकाज चाललंय. एवढा बदल झाला. तो किती मोठा म्हणायचा, ते आपण ठरवा.

आता मिर्झाकडे येतो.

मी मराठीत कविता लिहितो. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी नुकतं लिहायला लागलो होतो. आपल्यासारखे इतके जण आहेत हे पाहूनच हुरूप आला. पण आजही एखाद्या कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, “तुम्ही मराठी किती छान बोलता!” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण असं पाहुण्याला म्हणतात. घरातल्याला कुणी म्हणत नाही. त्या वेळी मला मिर्झा आठवतो, आणि मास्तरसारखं विचारावंसं वाटतं, की मिर्झाचं काय झालं?

कारण ‘शेजारी’नंतर मराठी पडद्यावर तो शेजारी फारसा दिसला नाही. मुसलमान दिसला तो शिवकालातला खान म्हणून, किंवा मोडकंतोडकं बोलणारा पठाण म्हणून. गावात ज्याचं शेत पाटलाच्या शेताला लागून आहे, जो मराठीत भांडतो, ज्याचाही ऊस कारखान्याला जातो, ज्याचीही गिरणी बंद पडली, तो पडद्यावर नव्हता. पडद्यामागे होता, हे तर मोठं नवल. मराठी समाजाचं राजकारण ज्यांनी पडद्यावर नेमकं पकडलं ते दिग्दर्शक जब्बार पटेलच. शाहिरी अमर शेखांची. माणसं होती, त्यांचं काम होतं. त्यांच्यासारख्यांची गोष्ट तेवढी नव्हती.

अलीकडे तो येतो आहे. २०१७ सालचा ‘हलाल’ राजन खान यांच्या कथेवरचा, तलाकच्या प्रश्नावरचा. तो प्रश्न खरा आहे आणि आमच्यातल्याच लेखकाने तो मांडला याचा मला अभिमान आहे. पण प्रश्न म्हणून पडद्यावर येणं वेगळं आणि शेजारी म्हणून येणं वेगळं. म्हणून मला ‘सैराट’मधला सल्या फार मोलाचा वाटतो. २०१६ साली अख्ख्या महाराष्ट्राने तो चित्रपट पाहिला. परशाचे दोन मित्र, लंगड्या आणि सल्या. सल्या म्हणजे सलीम. तो मुसलमान आहे हे चित्रपट सांगत बसत नाही, की त्याच्या तोंडी ऐक्याचं भाषण घालत नाही. तो विहिरीत उड्या मारतो, करमाळ्याकडची मराठी बोलतो, मित्राच्या प्रेमाच्या भानगडीत स्वतःला अडकवून घेतो. तो मला मिर्झाचा नातू वाटला. पंचाहत्तर वर्षांनी घरी आलेला.

श्रोतेहो, आमच्या शिरगावात आता भातशेती राहिली नाही. इमारती झाल्या. इथून जवळच बारवीचं धरण आहे, औद्योगिक महामंडळाचं. त्याचं पाणी कारखान्यांना जातं, शहरांना जातं. धरणाची उंची वाढली तेव्हा काही गावपाड्यांना उठावं लागलं. ती माणसं कुठे गेली, कोणाला नोकरी मिळाली, कोणाला नाही, याचा आकडा सरकारी कागदात मिळेल. त्यातल्या एकाची गोष्ट मिळणार नाही. ‘शेजारी’ पुन्हा काढायचा म्हटला तर गाव शोधायला लांब जायला नको.

पहाटेच्या बदलापूर लोकलने मी वर्षानुवर्षं गेलो. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, आणि त्यासाठी आधीच्या तिघांना थोडं थोडं सरकावं लागतं. कुणी त्याचं नाव विचारत नाही, जात-धर्म विचारत नाही. कुठे उतरणार, एवढंच विचारतात. उद्देशिकेतले ते दोन शब्द मला कुणी सोपे करून सांगायला लावले, तर मी हा बाक दाखवीन. सिनेमाचं कामही याहून फार वेगळं नाही. उभ्या असलेल्याकडे पाहायचं, आणि बसलेल्यांना थोडं सरकायला सांगायचं.